पोर्चमधलं वर्कशॉप : आधी घोडी, मग पाना

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतल्याबरोबर घरचे लोक आपल्याला अर्धा मेकॅनिक समजू लागतात. सुट्टीत घरी गेलं की आत्या म्हणते, "गाडी आवाज करतेय, बघ जरा." आपण बॉनेट उघडतो, दोन मिनिटं गंभीर चेहऱ्याने आत बघतो आणि "गॅरेजला दाखवायला लागेल" म्हणून बॉनेट बंद करतो. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये कानस घासून मेल-फिमेल जोड केलेला असतो, पण घरच्या गाडीचं ऑइल बदलायची हिंमत होत नाही. कारण ज्ञान नसतं असं नाही, साधनं नसतात.

गेल्या तीन वर्षांत सुट्ट्यांमध्ये बाबांच्या मदतीने मी कोल्हापूरच्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये एक छोटं वर्कशॉप उभं केलं. हॉस्टेलवर ते कळल्यापासून "यादी दे रे" म्हणून रोज कोणीतरी दार वाजवतं. म्हणून ही यादी एकदाच, सगळ्यांसाठी. पण नुसती यादी नाही, क्रमासकट. माझ्या मते या विषयात क्रमालाच सगळं महत्त्व आहे.

एकच सूत्र

दुकानात गेलं की डोळे आधी चकचकीत सॉकेट सेटवर जातात. १०८ नगांची पेटी, आत मखमल, झाकणाला कुलूप. पण पैसे कुठे घालायचे हे ठरवताना एक प्रश्न विचारा : ही वस्तू कामाच्या मध्येच फेल झाली तर काय होईल?

पक्कड फेल झाली तर काम थांबेल. पाना घसरला तर बोटं सोलतील आणि नटाचे कोपरे जातील. पण गाडीखाली लावलेला आधार फेल झाला तर माणूस जाईल. म्हणून खर्चाचा क्रम असा : आधी गाडी धरून ठेवणारी साधनं, मग डोळे, हात आणि आग सांभाळणारी, मग नट सोडवणारी आणि सर्वात शेवटी हौसेची. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात आणि पहिल्याच वस्तूच्या जागी चार विटा लावतात.

जागा : उताराचं गणित

आपल्याकडे पोर्चला गेटच्या दिशेने उतार देतात, पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून. समजा हा उतार ५० ला १ आहे आणि गाडी ८०० किलोची. मग गाडीला गेटकडे ओढणारं बल झालं ८०० भागिले ५०, म्हणजे १६ किलो. टायरचा रोलिंग रेझिस्टन्स गुळगुळीत काँक्रीटवर वजनाच्या १ ते १.५ टक्के धरा, म्हणजे ८ ते १२ किलो. १६ मोठे की १२? डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या पोर्चमध्ये ब्रेक नसलेली गाडी आपोआप चालू लागते, ती अशी.

यावर "हँडब्रेक ओढलाय की" हे उत्तर पुरत नाही. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. मागची दोन्ही चाकं उचलली की तो असून नसल्यासारखा. मग गिअरमध्ये ठेवू? पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीचं पुढचं एकच चाक उचललं तर डिफरन्शिअल आपलं काम करतं. हवेतलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं फिरतं, आणि इंजिनाने अडवलेलं असूनही गाडी सरकू शकते. थिअरी ऑफ मशिन्समध्ये ज्या गोष्टीचे आपण मार्क मिळवतो, तीच इथे घात करते.

उपाय अगदी साधा : लाकडी पाचर. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी. सुताराकडे टाकाऊ ठोकळे मिळतात, ते तिरके कापून घ्या. ही तुमच्या वर्कशॉपची पहिली खरेदी.

फरशीही बघा. शहाबादी खाली पोकळ असेल तर जॅकच्या बोजाने तडकते, पेव्हर ब्लॉक हलतात, मातीत जॅक रुततो. चांगलं काँक्रीट नसेल तर जॅक आणि घोडीखाली जाड प्लायचा किंवा लोखंडी प्लेटचा तुकडा टाका. बोजा तोच, क्षेत्रफळ जास्त, म्हणून दाब कमी.

जॅक उचलतो, घोडी धरते

हायड्रॉलिक जॅक म्हणजे पास्कलचा नियम. पण वर गेलेलं वजन तोलून धरतं ते तेल, आणि ते तेल अडवून धरतात एक रबरी सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. सील म्हातारं झालं, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, की तेल हळूहळू किंवा एकदम सुटतं. गाडीबरोबर येणारा सिझर जॅक तर रस्त्यात चाक बदलण्यापुरताच असतो. त्याची बैठक अरुंद, जरा बाजूने धक्का बसला की तो कलंडतो.

म्हणून जॅक स्टँड. गॅरेजवाले त्याला घोडी म्हणतात. रुंद बैठकीचे चार पाय, मध्ये दात असलेला दांडा, आणि वजन पोलादावर. यात गळायला काही नाही. जोडीच घ्या. लेबलवर लिहिलेलं २ टन एका घोडीचं आहे की जोडीचं, हे दुकानदाराला विचारून घ्या. घोडी कुठे लावायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेलं असतं. भलत्या ठिकाणी लावली तर पत्रा आत जातो.

विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक मात्र नकोत. मटेरिअल सायन्सच्या भाषेत हे ब्रिटल. पोलाद वाकताना दिसतं, आपल्याला उठून पळायला वेळ देतं. वीट काही न सांगता फुटते.

आमच्या गल्लीत एका काकांनी चाक काढून गाडी नुसत्या जॅकवर ठेवली होती. फोन आला म्हणून ते घरात गेले. तेवढ्यात गाडी गेटकडे वीतभर सरकली, जॅक आडवा झाला आणि ब्रेक डिस्क खाली आपटून फरशीचे दोन तुकडे झाले. दोन मिनिटांपूर्वी काका तिथेच आडवे पडून आत बघत होते. त्या दिवशी संध्याकाळी बाबा स्वतः जाऊन घोड्यांची जोडी घेऊन आले. तोपर्यंत "एवढे पैसे लोखंडाला?" असं त्यांचं म्हणणं होतं.

आमची पद्धत आता ठरलेली आहे. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा ढिले करायचे. पाचर लावायची. जॅकने उचलायचं. घोडी लावून वजन घोडीवर सोडायचं. मग गाडीला हाताने जोरात हलवून बघायचं. ती हलली तर आपण बाहेर असताना हलली पाहिजे. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीच्या खाली आडवं सरकवून ठेवायचं, म्हणजे सगळं फसलं तरी जागा उरते. आणि घरात दुसरं माणूस असल्याशिवाय खाली शिरायचं नाही.

पाने : थोडे, पण चांगले

आता हत्यारं. मोठ्या पेटीची गरज नाही. ८ ते १९ मिलिमीटरचे रिंग आणि ओपन पाने, अर्ध्या इंची ड्राइव्हचा रॅचेट, त्याला ८ ते २४ च्या गोट्या आणि दोन एक्स्टेन्शन एवढ्यात बरंचसं काम होतं. जपानी पद्धतीच्या गाड्यांत, म्हणजे मारुती सुझुकी वगैरे, १०, १२, १४, १७ हे माप वारंवार लागतं. युरोपीय पद्धतीच्या गाड्यांत १२ आणि १४ च्या जागी १३ आणि १६ भेटतात. कारण तोच ८ मिलिमीटरचा बोल्ट, पण डोक्याचं माप वेगळं. आपली गाडी कोणती ते बघून सुटे पाने घेतले तर पैसे वाचतात. १० चा पाना मात्र दोन घ्या. एक हरवणारच, हा निसर्गनियम आहे.

गोटी शक्यतो सहा कोनांची घ्या. बारा कोनांची पटकन बसते, पण गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. ओपन पान्याने फक्त ढिला झालेला नट फिरवायचा. घट्ट नट सोडवायचा तो रिंगने किंवा गोटीने. शिवाय पक्कड, नोज प्लायर, दोन मापांचे फिलिप्स आणि चपटे स्क्रू ड्रायव्हर, एलन कीचा संच, हातोडी, वायर ब्रश आणि गंज सोडवायचा स्प्रे. नाशिकच्या सातपूरमध्ये कारखाना असलेल्या तापरियाचे पाने गावोगावच्या हार्डवेअर दुकानात मिळतात. मुंबईवाल्यांना नागदेवी स्ट्रीट आहे, आम्हा कोल्हापूरकरांना उद्यमनगर. जुन्या बाजारात हात लागला तर जुना व्हाइस जरूर घ्या, जुनी घोडी घेऊ नका. व्हाइसची चीर दिसते, घोडीचं वेल्डिंग आतून कसं आहे ते दिसत नाही.

टॉर्क : ताकद दाखवायची जागा नव्हे

लहान गाड्यांच्या चाकांच्या नटांना साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. १०० धरा. २५ सेंटिमीटरच्या पान्यावर त्यासाठी ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलोचा जोर लागतो. पाना ५० सेंटिमीटरचा असेल तर २० किलो पुरे. पाइप घालून लांबी वाढवली आणि वर उभं राहून उड्या मारल्या, तर स्टडची काय अवस्था होते ते स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सवाल्या सरांना विचारा.

उलट ऑइल सम्पच्या ड्रेन प्लगला बऱ्याच गाड्यांत ३० ते ४० न्यूटन-मीटरच पुरतो. सम्प ॲल्युमिनिअमचा असेल आणि "अजून थोडं" करत गेलात की आटे जातात, आणि सव्वातीन लिटर ऑइलचं काम सम्प बदलण्यावर जातं. म्हणून साध्या का होईना, टॉर्क रेंचला यादीत वरची जागा द्या. नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, टॉर्क रेंचने नट सोडवू नका आणि काम झालं की त्याची स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

याच्या सोबतीला मल्टिमीटर हवाच. अर्धे "स्टार्टर गेला" म्हटलेले आजार बॅटरीच्या टर्मिनलचे असतात. नव्या गाड्यांसाठी ओबीडी रीडर घ्या, तो मोबाइलला जोडता येतो. पण रीडर फक्त कोड सांगतो, निदान आपणच करायचं असतं.

धूर, ठिणगी आणि पाणी

बंद शटरच्या आत इंजिन चालू करू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. चक्कर आलीय हे कळेपर्यंत उठायची ताकद गेलेली असते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते. म्हणून घरात पिट खणायच्या भानगडीत पडू नका, आणि काचेचा बल्ब लोंबकळता नेण्यापेक्षा एलईडीचा हँडलॅम्प वापरा. एबीसी पावडरचा अग्निशामक दाराजवळ टांगा, कोपऱ्यात पाठीमागे नव्हे. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं तर आग पसरते. विजेचा बोर्ड अर्थिंगचा आणि ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवर असावा.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह. आधी पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर सरळ शॉर्ट; निगेटिव्ह सुटलेला असेल तर काही होत नाही. अंगठी आणि घड्याळ खिशात ठेवा, सैल शर्ट खोचा, डोळ्यांना चष्मा लावा. गरम रेडिएटरचं झाकण म्हणजे शिट्टी न काढलेल्या कुकरचं झाकण. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.

आणि काळं ऑइल. ते गटारात नाही, मातीत नाही, कुंपणाच्या वाळवीवरही नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं. कॅनमध्ये साठवून, अधिकृत रिसायकलरला ऑइल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या. विहिरी अजून आपल्याच आहेत.

कुठे थांबायचं

ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी, वायपर, चाकांची अदलाबदल इथपर्यंत घरी बिनधास्त करा. ब्रेक पॅड पहिल्यांदा जाणत्या माणसासमोर बदला. एअरबॅग, एसीचा गॅस, सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या नारिंगी केबल यांना हात लावायचा नाही. यात कमीपणा काही नाही. सोनारानेच कान टोचावेत.

थोडक्यात खरेदीचा क्रम : पाचर, जॅक, घोडीची जोडी. मग चष्मा, हातमोजे, अग्निशामक, दिवा. मग पाने आणि गोट्या. मग टॉर्क रेंच आणि मल्टिमीटर. कंप्रेसर, इम्पॅक्ट गन, रंगीत टूल ट्रॉली हे नोकरी लागल्यावर. बजेट कमी पडलं तर यादी खालून कापा, वरून नाही.

सबमिशन संपलं की सुट्टी आहेच. यंदा आत्याने "बघ जरा" म्हटलं, तर बॉनेट उघडण्याआधी चाकाला पाचर लावा. आणि कोणाला पाचर कापून हवी असेल तर वर्कशॉपच्या सरांना विचारून दुपारच्या बॅचनंतर या, सुतारकामाच्या शेडमध्ये भरपूर तुकडे पडलेत.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल