आधी हवेची वाट, मग फिन्स

ड्राइव्हचा हीटसिंक काढायला बसलास की पहिली रेघ फिनची ओढू नकोस, हवेची ओढ. पंखा कुठे बसणार, हवा आत कुठून येणार, तापून बाहेर कुठून जाणार, एवढं कागदावर आलं की निम्मं काम झालं. नवी पोरं नेमकं उलटं करतात: कॅटलॉगमधलं सगळ्यात दाट फिन्सचं एक्स्ट्रूजन निवडतात आणि पंख्याला जागा शेवटी शोधतात.

पंखा नसेल तर दोन फिन्समध्ये 6 ते 10 मिलिमीटर अंतर लागतं, कारण गरम हवा आपली आपणच वर चढायची असते. पंखा लावलास की 2 ते 4 मिलिमीटरही चालतं. पण फिन्स जितक्या जवळ आणशील तितकी हवा कोंडते. पंख्यावर छापलेला हवेचा आकडा समोर काहीच आडवं नसतानाचा असतो, हे ध्यानात ठेव. डेटाशीटमधला दाबाचा आलेख उघड आणि त्यावर तुझ्या हीटसिंकची रेषा काढ. दोन्ही रेषा जिथे छेदतात तेवढीच हवा तुझी. आलेख हाताशी नसेल तर मी छापील आकड्याचा निम्माच धरतो.

एक हिशेब तोंडपाठ कर. वॅटला ताशी घनमीटरने भागायचं आणि तिनाने गुणायचं. हवा तितके अंश तापते. 300 वॅट आणि ताशी 60 घनमीटर हवा असेल तर 15 अंश. म्हणजे हवा बाहेर पडते त्या टोकाचं आयजीबीटी मॉड्यूल 15 अंश जादा गरम हवेत बसलेलं असतं. सगळ्यात जास्त तापणारं मॉड्यूल त्या टोकाला कधीच ठेवू नकोस.

फिन्सच्या डोक्यावर बोटभर फट राहिली तरी हवा तिथूनच निसटते. पत्र्याचा डक्ट फिन्सना टेकेल असाच कर. पंखा मात्र फिन्सना चिकटवू नकोस, मध्ये 20-25 मिलिमीटर जागा सोड. पंख्याच्या मधल्या गोल भागामागे वारा जवळजवळ नसतोच, आणि आपलं मॉड्यूल बहुधा तिथेच मधोमध बसवलेलं असतं.

इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये ड्राइव्ह जाणार असेल तर दाट फिन्सचा विचारच सोड. कापसाचे तंतू फिन्सच्या तोंडाशी अडकतात, त्यांच्यावर धूळ बसते आणि नमद्यासारखा करडा थर तयार होतो. पंखा फिरत असतो, आवाजही नेहमीचाच, पण आत हवा जात नाही. तिथे 5 मिलिमीटर अंतर ठेव आणि चार स्क्रू काढले की पंखा हातात आला पाहिजे, ब्रश आतपर्यंत पोचला पाहिजे. ही सोय नसलेलं डिझाइन मी पास करत नाही.

थर्मल पेस्ट अगदी पातळ लाव. अॅल्युमिनियमची उष्णतावाहकता 200 च्या घरात, साध्या पेस्टची 1 ते 4. जाड थर म्हणजे अडसरच. काळ्या अॅनोडायझिंगवर पैसे घालवू नकोस. पंख्याच्या वाऱ्यात त्याचा फायदा नगण्य. मात्र तापमान इन्फ्रारेड कॅमेऱ्याने मोजणार असशील तर चकचकीत अॅल्युमिनियमवर आधी काळी टेप लाव, नाहीतर आकडा खोटा आणि कमी दिसेल.

आणि ड्रॉइंगवर सही करण्याआधी, जमेल तर मे महिन्यात, यंत्र बसणार त्या शेडमध्ये जाऊन ये. पॅनेलचं दार बंद ठेवून आतलं तापमान घे आणि तोच आकडा डिझाइनला धर.