उतारशाळेच्या रक्षकाचा हिशेब

अभ्यासपाठ. शास्त्रभाग : लूक १०:३०-३७



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. उपदेश बहुतेक वेळा याजक, लेवी आणि शोमरोनी या तिघांवरच संपतो. उतारशाळेच्या रक्षकाकडे कोणी फारसे पाहत नाही. या पाठात मला पस्तिसाव्या वचनावर थोडे थांबायचे आहे, कारण गेल्या वर्षी आमच्या आरोग्य समितीला त्या वचनाने बराच धक्का दिला.

शोमरोनी जखमी माणसाची आधी स्वतः काळजी घेतो. पण त्याला पुढे जायचे आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी तो ही सेवा दुसऱ्याच्या हाती सोपवतो. दोन नाणी आगाऊ देतो. (एक नाणे म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा मालक तेवढीच देतो.) काम काय, ते सांगतो. जास्त खर्च झाला तर परत येताना भरून देण्याचे वचन देतो. म्हणजे तो विश्वास टाकतो, पैसे पुरतील असे पाहतो आणि परतही येणार असतो. आल्यावर तो काय विचारेल? शास्त्रात ते लिहिलेले नाही. मला वाटते, तेलाच्या किती बाटल्या संपल्या हे नंतर. आधी माणूस कसा आहे, हेच विचारेल.

आपली स्थिती तशीच आहे. आपण दान देता, समिती ते काम सोपवते, आणि सातपुड्यातल्या पाड्यांवर आमच्या सेविका ते करतात. मग आम्ही काय विचारत होतो? महिन्याला आठ शिबिरे आणि प्रत्येक शिबिरात किमान पन्नास रुग्ण. हे उद्दिष्ट मीच लिहिले होते आणि तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला होता.

त्याचा परिणाम असा झाला की शिबिरे रस्त्यालगतच्या गावांत, बाजाराच्या दिवशी भरू लागली. तेच खोकल्याचे रुग्ण दोन-दोनदा नोंदले गेले. नदीपलीकडे, दोन तासांच्या चढावर सतरा घरांचा एक पाडा आहे. तिथे पन्नास रुग्ण मिळणार कुठून? तिथे कोणी गेलेच नाही. पावसाळ्यात त्या पाड्यावर एक बाळ नवव्या दिवशी गेले. ते दोन दिवस अंगावर पीत नव्हते, आणि ते धोक्याचे लक्षण आहे हे आईला कोणी सांगितलेले नव्हते. त्या तिमाहीच्या अहवालात ‘४१२ रुग्णांनी लाभ घेतला’ असे छापले होते. मी ते उपासनेनंतर वाचून दाखवले आणि आपण देवाची स्तुती केली. बाळाची नोंद करायला अहवालात रकानाच नव्हता.

सेविकेला विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, तुम्ही आकडा मागता, आम्ही आकडा देतो. त्या पाड्यावर गेले तर दिवस जातो आणि आकडा होत नाही.” तिला रागवायला मला तोंड नव्हते.

अशा कामाचे मोजमाप कसे करावे याचा धडा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आधी गावागावांतले जन्म आणि मृत्यू नोंदवले. मग गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी ते प्रमाण २५ च्या आसपास आले. २०११ पासून देशभर आशाताई याच धर्तीवर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात, आणि बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्याचा मोबदला २५० रुपये ठरला. मूळ सूचनांत आई आणि बाळ ४२ व्या दिवसापर्यंत सुखरूप असावेत, अशीही अट होती. हेतू चांगलाच होता, पण मला ती अट खटकते. सर्व भेटी देऊनही बाळ गेले तर त्या बाईने चढलेले डोंगर फुकट का जावेत? शिवाय मृत्यूला शिक्षा लागली की तो वहीतून नाहीसा होतो, झोपडीतून नाही.

आमच्या भागात वर्षाला साठेक जन्म होतात. एवढ्या थोड्या संख्येत एखादा मृत्यू कमी-जास्त झाला म्हणून सेविका चांगली की वाईट हे ठरत नाही. म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. सेविकेला विचारायचे ते तिच्या हातातले : प्रत्येक पाड्यावरची गरोदर बाई यादीत आहे का, आशाताईंबरोबरच्या भेटी वेळेवर झाल्या का, पाच वर्षांखालच्या मुलांच्या दंडाला पट्टी लावली का, आणि ११.५ सेंटीमीटरच्या आत भरलेले मूल पुढे उपचाराला पोहोचले का. चालण्याचा वेळ आता कामाचा वेळ धरला जातो. मृत्यू झाला तर आठवड्याच्या आत आम्ही एकत्र बसतो आणि फक्त एवढेच विचारतो : उशीर कुठे झाला? घरात, वाटेवर की दवाखान्यात? जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्याकडे गावोगावच्या आरोग्य सेविका दर आठवड्याला एकत्र येऊन शिकत. आम्हाला महिन्यातून एकदाच जमते.

याची किंमतही आहे. शिबिरे आठवरून तीनवर आली, आणि दूरच्या पाड्यांसाठी दुसरी सेविका नेमावी लागली. शोमरोन्याने वरचा खर्च द्यायचे कबूल केले होते. आमच्या अंदाजपत्रकात तशी तरतूद नव्हती, ती या एप्रिलपासून मागत आहोत. पुढच्या अंकातल्या अहवालात रुग्णांची संख्या निम्म्याहून कमी दिसेल. त्याखाली ‘बालमृत्यू’ असा नवा रकाना असेल, आणि तो रिकामा नसेल. नदीपलीकडच्या पाड्यावर मात्र सध्या दोन गरोदर बाया यादीत आहेत. एकीचे दिवस माघात भरतात.