मुलांचे केस गळतायत? मग या क्रमाने चला

कंगव्यात केसांचा गुंता दिसला की हात थेट व्हिटॅमिनच्या गोळ्यांकडे जातो. जरा थांबा. आधी नीट बघू, मग तपासू आणि जे कमी आहे तेवढंच भरून काढू. कंगवा, वही आणि पेन जवळ घ्या.

१. मुलाला भरपूर उजेडात बसवा. डोक्याला तेल नको, नाहीतर खवले दिसत नाहीत.

२. जागोजागी भांग पाडून डोकं तपासा. गोल चट्टा, खवले, पू किंवा तुटक्या केसांचे काळे ठिपके दिसले तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बुरशी असेल तर नुसत्या मलमाने भागत नाही, पोटात औषध घ्यावं लागतं.

३. वेण्या सैल घाला. सतत ताण बसला की कपाळालगतचे केस विरळ होतात.

४. गेल्या ३-४ महिन्यांतली आजारपणं वहीत लिहा. टायफॉइड, डेंग्यूसारख्या तापानंतर २-३ महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकदा आपोआप परत येतात.

५. आठवडाभराचं खाणं लिहून काढा. दूधही मोजा. लहान मूल रोज अर्ध्या लिटरहून जास्त दूध पीत असेल, तर जेवण कमी होतं आणि लोह कमी पडतं.

६. वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि डी जीवनसत्त्व यांपैकी काय तपासायचं ते त्यांना ठरवू द्या. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर आधीच सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

७. औषध सांगितलं तेवढंच द्या. ‘ए’ जीवनसत्त्व जास्त झालं तर केस उलट गळतात.

८. लोहाचं औषध दिलं असेल तर त्याची बाटली कुलपात ठेवा. मुलाने ती एकदम संपवली तर जिवावर बेतू शकतं. औषधाने शी काळी होते, त्याला मात्र घाबरू नका.

९. मटकी, चवळी, पालेभाजीवर लिंबू पिळून वाढा. जेवणासोबत चहा नको, लोह अंगी लागत नाही.

१०. बी-१२साठी दूध, दही, अंडी, मासे यांपैकी घरात चालेल ते द्या. भाज्यांवर विसंबू नका, त्यांत ते मिळत नाही.

११. दर महिन्याला त्याच भांगाचा फोटो काढा. केस महिन्याला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतात, तेव्हा आठ दिवसांत औषध बदलू नका.

तीन महिन्यांनी फरक दिसला नाही तर पुन्हा डॉक्टरांना गाठा. आणि मुलासमोर ‘टक्कल पडतंय’ असं चुकूनही म्हणू नका, त्याला तुमचा धीर हवाय.