स्वस्त झूमचं स्वस्तपण कुठून येतं?

मिररलेस कॅमेऱ्यासाठी एफ/२.८ ची, पण खिशाला झेपणारी स्टँडर्ड झूम लेन्स शोधणाऱ्याने ब्रँडच्या आधी एक प्रश्न विचारावा: ही लेन्स स्वस्त आहे ती कशामुळे? स्वस्ताई दोन वाटांनी येते. कंपनीने लेन्समधलं काही जाणूनबुजून वगळलेलं असतं, किंवा विक्रेत्याने व्यवहारातून काही काढून घेतलेलं असतं. पहिली स्वस्ताई समजून-उमजून घ्यावी, दुसरी अजिबात घेऊ नये. चंदीगडच्या ज्या दुकानदाराशी माझं बिनसलं, त्याने या दोन्ही एकच असल्याचं भासवलं. त्याचं नाव घेत नाही, पण त्याची भाषा मला अजून झोंबते आणि ती इतरांनाही ऐकावी लागणार आहे, म्हणून हे लिहितो.

पहिल्या स्वस्ताईचे पुरावे आकड्यांत दिसतात. सोनीची २४-७० जीएम, दुसरी आवृत्ती, ६९५ ग्रॅमची आहे; सिग्माची २०२१ ची २८-७० कंटेम्पररी फक्त ४७० ग्रॅमची. दोन्ही एफ/२.८. सिग्माने रुंद टोकाचे चार मिलिमीटर सोडले आणि धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण माउंटपुरतं ठेवलं. टॅमरॉननेही २०१८ मध्ये २८-७५ आणली तेव्हा रुंद टोक असंच सोडलं होतं. एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी सिग्माची १८-५० जेमतेम २९० ग्रॅम भरते, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. टॅमरॉनच्या १७-७० मध्ये ते आहे, वजन मात्र ५२५ ग्रॅम. सोनी ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नसल्यामुळे तिच्या मालकासाठी हा फरक मोठा आहे, ए६७०० वाल्यासाठी लहान. काय सोडलं आहे हे विक्रेत्याने आपणहून सांगायला हवं. तो फक्त 'सेम टू सेम' म्हणतो. बॉडी अजून घेतली नसेल तर हेही लक्षात घ्या, की सोनीने २०११ मध्ये आपल्या माउंटची माहिती इतर कंपन्यांना खुली केली, म्हणून तिथे स्वस्त पर्याय भरपूर आहेत. कॅननच्या आरएफ माउंटवर ते फार उशिरा आणि थोडेच आले.

यावर पहिला आक्षेप असा, की २८ पुरेसं रुंद नाही. २४ मिलिमीटरला कर्णरेषेवर सुमारे ८४ अंशांचं दृश्य मिळतं, २८ ला ७५. चंदीगडच्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्समध्ये विधानसभा किंवा हायकोर्टासमोर मोकळं आवार आहे. जिथवर जाऊ देतात तिथवर मागे सरकलं की नऊ अंशांची भरपाई होते. नेकचंदांच्या रॉक गार्डनमधल्या अरुंद बोळांत मात्र मागे सरकायला जागाच नसते आणि २८ तिथे खरोखर तोकडी पडते. आपण यांतलं काय जास्त टिपतो, हे ज्याचं त्याने ठरवावं. दुसरा आक्षेप: नवे कॅमेरे जास्त आयएसओ सहज पेलतात, मग एफ/२.८ कशाला? किट लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६ वर येते. टागोर थिएटरच्या मंद रंगमंचावर किंवा इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवातल्या आरतीला १/२०० चं शटर हवं असेल आणि किट लेन्स आयएसओ ६४०० मागत असेल, तर एफ/२.८ ला १६०० पुरतं. चौपट प्रकाशाचा हा फरक आहे. स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, टाळ वाजवणाऱ्याचा नाही. ५० मिलिमीटर एफ/१.८ ची प्राइम याहून स्वस्त, हेही खरं. पण भरल्या सभागृहात पुढेमागे सरकण्याची मुभा नसते.

आता दुसरी स्वस्ताई. 'बिल हवं तर अठरा टक्के जादा' हे वाक्य मला ऐकवलं गेलं, आणि वॉरंटीचा प्रश्न निघाल्यावर त्याच तोंडाने 'तुम्हीच बिल नको म्हणालात' असं सांगण्यात आलं. मी असं म्हटलंच नव्हतं. लेन्सवर १८ टक्के जीएसटी आहे, पण छापील किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर कर चढवता येत नाही. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असणं कायद्याने बंधनकारक आहे. ते लेबल नसेल तर लेन्स अस्सल असूनही भारतातल्या सर्व्हिस सेंटरला तुम्ही परके ठरू शकता. 'बिघडते कुठे लेन्स?' असा युक्तिवाद होतो. बिघडते. नव्या लेन्समध्येही काचेचा एखादा घटक मध्यापासून सरकलेला असू शकतो, आणि मग फोटोची एकच बाजू कायम मऊ येते.

ते पहिल्याच दिवशी तपासा. चंदीगडच्या जुन्या सेक्टरांत उघड्या विटांच्या भिंती जागोजागी आहेत. कॅमेरा तिपाईवर भिंतीला अगदी समांतर लावा, एफ/२.८ वर दोन्ही टोकांना फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. एकच कोपरा विरघळलेला दिसला तर लेन्स लगेच परत करा. बाकी नेहमीचंच: पावसाळ्यात कोरडी ठेवा, थंडीतल्या धुक्यातून उबदार खोलीत आल्यावर बॅग लगेच उघडू नका.

पैसे देण्याआधी बिलावर लेन्सचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो लेन्सवरच्या नंबरशी ताडून पाहा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर उठून बाहेर पडा. फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला शुल्क लागत नाही.