कौटुंबिक जबाबदारी आणि किशोरवयातील व्यवसायनिवड

दहावी-बारावीच्या टप्प्यावरील व्यवसायनिवडीचा विचार आपल्याकडे बहुधा गुण आणि अभिरुची या दोनच अंगांनी केला जातो. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली, तिचा भरही अभिरुचीवरच होता. प्रत्यक्षात सोळा वर्षांच्या मुलामुलींचे श्रम अनेक घरांच्या हिशेबात आधीच धरलेले असतात.

लखनौच्या हजरतगंज बाजारपेठेत चिकनच्या कापडाची खरेदी करताना हे सहसा ध्यानात येत नाही. २००८ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळालेली ही कशिदाकारी प्रामुख्याने जुन्या शहरात व आसपासच्या खेड्यांत, घरोघरी स्त्रिया नगावारी मजुरीवर करतात. आईशेजारी सुई धरणारी मुलगी कौशल्य मिळवते हे खरे. पण मजुरीही मिळवते, आणि ती घराला लागते. २०१६ च्या कायदादुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना शाळेची वेळ वगळून, धोकादायक नसलेल्या कौटुंबिक उद्योगात मदत करण्याची मुभा दिली. ही मदत कोठे संपते आणि रोजगार कोठे सुरू होतो, हे मात्र बव्हंशी घरातील गरजच ठरविते.

समजा, अशा मुलीच्या कामातून दरमहा १,५०० रुपये येतात. केंद्राच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीतून नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे दरमहा १,००० रुपये मिळतात. मग घरातील वाद ‘शिक्षण की कमाई’ असा न राहता महिना ५०० रुपयांच्या तुटीचा होतो, आणि एवढी तूट सुट्टीतील कामातूनही भरून निघू शकते. अडचण अशी, की या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत द्यावी लागते. दहावीनंतर सुरू होणारे मार्गदर्शन येथे उशिराचे ठरते.

सर्वच जबाबदाऱ्या पैशांत मोजता येत नाहीत. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीला शिष्यवृत्तीपेक्षा मोकळे तास हवे असतात. तिच्यासाठी जवळची अंगणवाडी किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा अभ्यासक्रम अधिक उपयोगी. मुक्त शिक्षण हे नियमित शाळेला सरसकट पर्याय मानणे मात्र मला मान्य नाही. वर्गातील सोबत त्यात नसते.

दुकानदार कुटुंबात प्रश्न वारशाचा असतो. हजरतगंजच्या मेफेअर इमारतीत राम अडवाणी यांचे पुस्तकांचे दुकान अनेक दशके नावाजलेले होते. त्यांचे पुत्र रुकुन अडवाणी प्रकाशनाच्या क्षेत्रात गेले आणि २००० मध्ये ‘पर्मनंट ब्लॅक’ ही संस्था सुरू करण्यात त्यांचा वाटा होता. २०१६ मध्ये राम अडवाणींचे निधन झाले व दुकान बंद पडले. शहराची हानी झाली, हे नाकारता येणार नाही. तरीही घरातील व्यवसायाचे ज्ञान गल्ल्यावर न बसताही पुढे नेता येते, हे येथे दिसते. किराणा दुकानदाराच्या मुलाला वाणिज्य वा अन्न तंत्रज्ञान सुचविताना हाच धागा धरता येईल.

म्हणून समुपदेशकाने पालकांसमोर प्रथम कागद ठेवावा: मूल रोज किती तास कोणते काम करते, त्याची गरज कोणत्या वर्षापर्यंत आहे आणि ते तास पुढे कोण सांभाळणार. अभ्यासक्रमांची यादी त्यानंतर काढावी.