वादळाचा डोळा

चक्रीवादळ म्हणजे केवळ जोराचा वारा, अशी मुलांची समजूत असते. ती प्रथम दूर करावी. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या ताडून पाहिल्या. एकाच वेळी एका जहाजास पूर्वेचा, तर दुसऱ्यास पश्चिमेचा वारा लागलेला असे. म्हणजे वारा वर्तुळाकार फिरत होता. सापाच्या वेटोळ्यावरून १८४८ साली त्यांनी त्यास ‘सायक्लोन’ हे नाव दिले.

फळ्यावर वर्तुळ काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने बाण दाखवावेत. उत्तर गोलार्धात वारा असाच फिरतो. मधोमध लहान वर्तुळ काढावे. हा वादळाचा डोळा. येथे मात्र घाई करू नये. डोळा गावावर आला की वारा पडतो, वादळ सरले असे समजून माणसे बाहेर पडतात, आणि घटकाभरात वारा उलट दिशेने झोडपू लागतो. आधी खिळखिळे झालेले छप्पर तेव्हा उडते.

‘निसर्ग’ वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्या भागातील मुलांनी, वारा प्रथम कोणीकडून सुटला व पुढे कोणीकडे वळला, हे घरी विचारून यावे. उत्तरे गावागणिक निराळी येतील; ती नकाशावर बाणांनी मांडून घ्यावीत.