हरणाऱ्यासाठी घोष

बारामती व इंदापूर तालुक्यांतील शाळांच्या पटांगणावर खो-खोचा सामना चालू असता चुन्याच्या रेघेबाहेर उभ्या राहून घोष करणाऱ्या मुली आपण पाहिल्याच असतील. त्यांस ना गुण मिळतात, ना ढाल. परंतु कोणीचा दम संपत आला आहे हे त्यांस बाहेरून दिसते, व त्या नेमके तिचेच नाव घेतात. अमेरिकेत या घोषास रीतसर रूप आले ते १८९८ साली. मिनेसोटा विद्यापीठाचा संघ सामन्यामागून सामना हरत असता जॉनी कॅम्पबेल नामक विद्यार्थ्याने पुढे येऊन प्रेक्षकांस एकसुरात घोष करावयास लाविले. हरत असता, हे ध्यानात घ्यावे. जिंकणाऱ्यामागे गाव आपण होऊन धावते.

मंडळीत हे काम बर्णबाने केले. यरुशलेमेतील शिष्य शौलास भीत असता त्यानेच त्याला आत आणिले (प्रे. कृत्ये ९:२७). पुढे मार्क पंफुल्यातून माघारी गेला, म्हणून पौलाने त्यास नाकारिले. बर्णबाने सोबत घेतले. आम्ही मात्र उपासनेस येईनासा झालेल्या तरुणाचे नाव घेणेच सोडितो, आणि चौघांपुढे उपासना चालविणाऱ्या उपदेशकास, मंडळी का वाढत नाही, असे विचारितो. त्याच मार्कास पुढे पौलाने बंदिवासातून बोलावून घेतले (२ तीमथ्य ४:११).